किसनने न पाडलेलं विमान

भादवा निम्मा सरत आला होता. कासारवाडीच्या शिवारात उरल्यासुरल्या तुकड्यांवर बाजरी निसवली होती आणि पलीकडे, जिथं परवापरवापर्यंत बाजरीच असायची, तिथं कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. सीमेवर लढाई पेटली होती. सकाळच्या पारी कस्तुरा तान्ह्या सुमनला कडेवर घेऊन दारात सडा टाकत असताना ज्योतीराम हातात साखरेचा पुडा घेऊन जवळजवळ पळतच आला.

ज्योतीरामचं नाशिक फाट्यावर किराण्याचं दुकान होतं आणि गावातला एकुलता एक धड वाजणारा रेडिओ त्याच्या दुकानात होता. तो आणि कस्तुराचा नवरा किसन एका तालमीत वाढलेले.

"वैनी, तोंड गोड करा!" तो म्हणाला. "काल रात्रीच्या बातम्यांत सांगितलं. पश्चिमेकडं आपल्या विमानतळावर दुश्मनाची विमानं आली होती. आपल्या तोफांनी तीन पाडली. तीन! आन आपल्या बाजूला कुणाच्या नखालासुदिक धक्का न्हाई."

किसन फौजेत होता, विमानं पाडणाऱ्या तोफेवर. गेल्या सुट्टीत आला तेव्हा एका विमानतळाची राखण करतो, एवढंच त्यानं सांगितलं होतं. कुठला विमानतळ, ते सांगायची परवानगी नव्हती.

"त्यो ह्योच कशावरनं?" कस्तुरानं विचारलं.

"तोफा त्याच, माणसं तीच. तुमी खावा साखर."

तिनं चिमूटभर साखर तोंडात टाकली, एक दाणा सुमनच्या जिभेवर ठेवला. सासूनं, सुभद्राबाईनं, उरलेली देवापुढं ठेवली आणि त्या दिवशी विहिरीवर जाताना आपला पोरगा विमान पाडतो, हे भेटेल त्याला सांगितलं.

तार आली ती पितरांच्या पंधरवड्यात. इंग्रजीतली तार वाचता येणारं माणूस म्हणून पोस्टमनच सदाशिव मास्तरांना सोबत घेऊन आला. मास्तरांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुभद्राबाईकडे न बघता कस्तुराकडे बघून सांगितलं की गनर किसन कर्तव्यावर असताना अपघातात वारला. गेला तो वार मंगळवार होता.

मंगळवारी रात्रीच रेडिओवर ती तीन विमानं पडली होती. बुधवारी कस्तुरानं साखर खाल्ली होती. तोंडात अजून ती साखरच आहे असं वाटून ती अंगणात धावली आणि चुळांवर चुळा भरू लागली. बायकांनी तिला धरलं. घरात सुभद्राबाई एकच गोष्ट विचारत होती, "मास्तर, कसला अपघात? लढाईत कसला अपघात?" मास्तरांना तरी काय ठाऊक! तारेत तेवढंच होतं.

देह आला नाही. तिकडेच अग्नी दिला होता. काही आठवड्यांनी एक लोखंडी पेटी तेवढी आली. तीत त्याचा स्वेटर, मग, फणी आणि तोफेपुढं दोघा जवानांचा काढलेला फोटो होता. त्यातला एक किसन. दुसरा हसत होता.

लढाई थांबली. आसपासच्या गावांत कमानी उभ्या राहिल्या. जे लढाईत कामी आले त्यांच्या बायकांना लुगडं-चोळी देऊन स्टेजवर बसवलं. कस्तुराला कुणी बोलावलं नाही. अपघाताला कोण बोलावणार? आणि अपघात कसला ते कळलं नव्हतं म्हणून लोकांनी आपल्या परीनं तो रचला. कुणी म्हणालं ट्रक उलटला, कुणी म्हणालं विजेची तार लागली. तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं की फौजेत रम फुकट मिळते, प्यायलाही असेल. हे वाक्य चालत चालत सुभद्राबाईच्या कानापर्यंत आलं. त्या दिवसापासून तिनं विहिरीवर जाणं सोडलं.

"माझ्या पोरानं थेंब कधी तोंडाला लावला न्हाई," ती कस्तुराला म्हणायची. "ट्रकखाली मेला म्हणत्यात गं."

कस्तुराच्या मनात ते वार घोळत राहिले. दुश्मनाची विमानं आली तो मंगळवार. किसन गेला तोही मंगळवार. विमानतळ वेगळा असेल, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण गेल्या सुट्टीत तोच फोटो दाखवून किसननं त्या हसऱ्या जवानाबद्दल सांगितलेलं तिला आठवत होतं. हा आपल्या चाकणकडचा अर्जुनराव, एकाच तोफेवर आहोत, माझ्या ताटातलं उचलून खातो. तो परत आला असेल तर त्याला विचारता येईल.

संक्रांत झाल्यावर तिनं फाट्यावर चाकणची एस.टी. धरली. माहेरी जाऊन येते, असं सासूला सांगितलं होतं. सुमन मांडीवर होती. चाकणच्या बाजारात विचारत विचारत ती त्याच्या वाडीला पोचली.

अर्जुनराव अंगणात कांद्याची रोपं निवडत बसला होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. फोटोतला माणूस हाच, हे तिला त्या हसण्यावरून ओळखू आलं नसतं, कारण ते राहिलंच नव्हतं. तिनं किसनचं नाव घेतलं तसा तो उठून उभा राहिला. मग एक कान तिच्याकडे करून म्हणाला, "ह्या बाजूनं बोला. त्या कानानं ऐकू येत न्हाई."

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. सुमनला आत नेलं. बराच वेळ त्यानं पिकापाण्याच्या गोष्टी केल्या. शेवटी कस्तुराच म्हणाली, "मी पाव्हणी म्हणून न्हाई आले, दादा. कसा गेला ते सांगा."

त्यानं बायको आतच आहे ना ते पाहिलं.

"सकाळपासनं भोंगा वाजायचा," तो म्हणाला. "वाजायचा, आमी तोफेवर जायचो, आन काय यायचंच न्हाई. परत वाजायचा. माणसं वैतागली. दुपार कलल्यावर सायेब म्हणला, तोफा झाका, जेवून घ्या. तोफेवर जाळी टाकायची असती, वरनं दिसू नये म्हणून. टाकली. आमी जेवाय बसलो, आन ती आली. भोंगा न्हाई, काय न्हाई. झाडांच्या शेंड्याला लागून आली, उन्हाच्या अंगानं. डोळं वर करून बघवंना."

"मग?"

"किसन ताटावरनं उठला आन पळाला. मी मागं. तोफेची जाळी वढाय लागलो तर ती दांड्याला अडकली. निघंना. त्यो वर चढला सोडवायला. म्हणला, तू खालनं वढ." अर्जुनरावनं आपल्या हाताकडे पाहिलं. "पहिल्याच फेरीत, वैनी. तोफेतनं एक गोळा सुटला न्हाई आमच्या. एक बी न्हाई. समदं झाल्यावर भोंगा वाजला."

सुमनचं आतून हसणं ऐकू येत होतं. अर्जुनरावची बायको तिच्याशी खेळत होती.

"आन ती तीन इमानं?" कस्तुरानं विचारलं. "रेडिओवर सांगितलं तीन पाडली."

"तीन जळाली की. मी डोळ्यांनी बघितली. धावपट्टीच्या कडंला हुबी हुती, तेल भरून." त्यानं आवाज खाली आणला. "ती आपली हुती."

"मग अपघात का लिवलं त्येंनी?"

"आता कसं सांगू? हल्ल्यात आपलं काय बी नुकसान झालं न्हाई, असं एकदा जाहीर केल्यावर हल्ल्यात माणूस मेला असं कसं लिवायचं?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू लिहिणाऱ्याची अडचण त्याला कळत होती. "कुणापाशी बोलू नका. मला बजावून सोडलंय."

उठताना तिनं विचारलं, "लई तरास झाला का त्यांना?"

"न्हाई, न्हाई. जागच्या जागी."

हे त्यानं फार पटकन सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर सासूला काय सांगायचं हा घोर तिला वाटभर होता. सगळं सांगावं तर बजावलेलं, आणि अडकलेल्या जाळीची गोष्ट म्हातारीला कशी सांगायची? तिनं एवढंच सांगितलं की चाकणला किसनच्या जोडीदाराला भेटून आले, त्यांना अपघात झालाच नव्हता, ते लढाईत गेले, हल्ल्यात.

सुभद्राबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मग त्या तिनांतलं एक तरी त्यानंच पाडलं आसंल."

कस्तुरानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हातारी दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली. कितीतरी महिन्यांनी गेली. परत आली ती ताठ चालत आली. ते चालणं पाहिल्यावर बोलायची वेळ निघून गेली होती.

पुढं कस्तुराला पिंपरीत एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला काम लागलं. सकाळची शिफ्ट करायची, दुपारी घरी येऊन रान बघायचं. रान होतं तोवर. तेही हळूहळू गेलं आणि तिथं लेथ मशिनांची वर्कशॉपं आली. सुमन शाळेत जाऊ लागली. दिवस जात होते आणि कस्तुराला त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई लागली. कारखान्याच्या काचांना काळा रंग दिला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधला रेडिओ मोठा करून ठेवायचे. एके दिवशी बातम्यांत सांगितलं की दुश्मनाची इतकी इतकी विमानं पाडली, आपल्या विमानतळांवरचे हल्ले परतवले, आपलं नुकसान किरकोळ. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कस्तुरा भाकरी खात होती.

शेजारची शालनबाई म्हणाली, "अगं, वाजव की टाळी! तुझा नवरा तर त्याच कामावर होता."

"पडलेली कुणाची हायेत ते बघून आलंय का कोण?" कस्तुरा म्हणाली.

तिला काही मोठ्यानं बोलायचं नव्हतं. पण टाळ्या तेवढ्यात थांबल्या होत्या आणि ते वाक्य सगळ्या कँटीनला ऐकू गेलं. शालनबाईनं आपला डबा थोडा पलीकडे सरकवला.

दुपारी सुपरवायझरनं तिला केबिनपाशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, देशात युद्ध चालू आहे," तो म्हणाला. "तुमच्या मनात काही असेल तर मनात ठेवा. वर कुणीतरी सांगितलंय." दुसऱ्या दिवसापासून तिला पॅकिंगवरून काढून बाटल्या धुण्यावर टाकलं. तिथं दिवसभर हात सोड्याच्या गरम पाण्यात. कपडे ठेवायच्या तिच्या खणाच्या पत्र्यावर कुणीतरी खडूनं 'पाकिस्तानची मावशी' लिहिलं होतं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा लिहिलेलं दिसलं, तेव्हा पुसलं नाही.

ती लढाई आपण जिंकलो. त्या वेळी सांगितलेले आकडे खरेही असतील. कस्तुराला ते ठाऊक नव्हतं आणि तिचं म्हणणं तेवढंच होतं, की आपल्याला ठाऊक नाही. पण हे कुणाला आणि कसं समजावून सांगायचं? जिंकलेल्या लोकांना ते ऐकायला सवड नव्हती.

विजयाच्या त्या भरात ज्योतीराम घरी आला. आता तो नुसता दुकानदार राहिला नव्हता. कारखान्यांना मजूर पुरवायचा, तरुण मंडळाचा अध्यक्ष होता आणि अंगावर खादी आली होती. सोबत एक कागद होता.

"काकू," तो सुभद्राबाईला म्हणाला, "तालमीसमोर हुतात्म्याचा दगड उभा करायचा ठरलंय. सगळ्या गावांत हायेत, आपल्याच गावात न्हाई. नाव किसनचं." आणि त्यानं वाचून दाखवलं की वीर जवान किसन, सन १९६५च्या युद्धात शत्रूचे विमान पाडून धारातीर्थी पडले.

सुभद्राबाईच्या हातातली सुपली तिथंच राहिली. कस्तुरा चुलीपुढून उठून आली.

"ज्योतीरामभाऊ, नाव लिवा. इमान लिवू नका."

"का?"

"त्यांनी इमान पाडलं न्हाई. कुणीच पाडलं न्हाई त्या दिवशी." आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिनं तिथं उभ्या उभ्या सांगितलं. भोंगा, जाळी, एकही न सुटलेला गोळा, आपली जळालेली तीन विमानं. सांगताना ती ज्योतीरामकडे बघत होती. सासूकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

ज्योतीराम हसला नाही. उलट त्याच्या नजरेत कणव होती, ती तिला जास्त लागली. "वैनी, खरं असंल बी. पर सरकारी कागदावर अपघात हाय. अपघाताचा दगड कोण उभारतो? इमान हाय म्हणून दगड हाय. इमान काढलं तर मंडळातली पोरं म्हणतील, मग कशापायी?"

"तोफेवरची जाळी काढताना गेला, आसं लिवा."

"लोक हसतील, वैनी."

"हसू द्यात."

"लिव रं ज्योतीरामा," सुभद्राबाई बोलली. आवाज अगदी शांत होता. "तू वाचलंस तसंच लिव."

"आत्याबाई, ते खोटं हाय."

"आन ट्रकखाली मेला, ते खरं व्हतं? पिऊन मेला, ते खरं व्हतं?" म्हातारी आता तिच्याकडे वळली. "त्येंनी एक खोटं लिवलं माझ्या पोरावर. मी दुसरं लिवते. माझं खोटं निदान त्याच्या बाजूचं हाय."

कस्तुरा चुलीपाशी परत गेली. जन्म दिलेली बाई ती, हिचा संसार तर इनमिन चार वर्षांचा. ज्योतीरामनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दगड उभा राहिला. समारंभाला मांडव घातला, कर्णा लावला. कस्तुराला जायचं नव्हतं, पण सुभद्राबाईला एकटीला चालवत नव्हतं, म्हणून तिचा हात धरून ती गेली. दोघींना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. तेवढ्यात एक जीप आली आणि तीतून फेटा बांधलेला अर्जुनराव उतरला. त्याला आणायची अक्कल ज्योतीरामचीच. चाकणच्या जोडीदाराचं नाव त्या दिवशी कस्तुरानंच त्याला सांगितलं होतं.

त्याला पाहून कस्तुरा खुर्चीत सरसावून बसली. हा माणूस तिथं होता. याचा हात तिथं गेला. आता तो बोलेल आणि मग तिला एकटीला काही सांगावं लागणार नाही.

अर्जुनराव माइकपुढं उभा राहिला. आधी तो अडखळला. त्यानं खाली बसलेल्या सुभद्राबाईकडे पाहिलं. म्हातारी हात जोडून, तोंड थोडं उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. विमानं कशी आली, किसननं ताट कसं सारलं, तोफेवर कशी झेप घेतली, नेम कसा धरला आणि विमान आगीचा गोळा होऊन कसं खाली आलं. त्यानं मोडका हात वर करून ते खाली येतानाची वाट दाखवली. मांडवातून जयजयकार उठला. सुभद्राबाई रडत होती आणि हसत होती.

चहाच्या वेळी कस्तुरानं त्याला मांडवाच्या मागं गाठलं.

"का?" ती एवढंच म्हणाली.

"म्हातारीचं तोंड बघितलं, वैनी."

"माझं न्हाई बघितलं?"

त्यानं कप खाली ठेवला. "खरं सांगू? तुमच्यासाठी बी न्हाई आन म्हातारीसाठी बी न्हाई. गाव विचारतं, पोरं विचारत्यात, हात कशानं गेला. किती वर्सं नुसतं गप बसायचं? एकदा असं सांगितलं, मग परत सांगितलं. आता मला बी तसंच आठवाय लागलंय. तसं आठवलं की झोप लागती."

"मग त्या जाळीपाशी मला एकटीलाच ठिवलं की तुमी," कस्तुरा म्हणाली आणि सासूला घ्यायला परत फिरली.

सुभद्राबाई रोज सकाळी दगडाला हळद-कुंकू वाहायची. अक्षरओळख नव्हती, तरी किसनचं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोटानं बरोबर दाखवायची. वर्षा-दीड वर्षात ती गेली. सुखानं गेली, असं सगळे म्हणाले आणि कस्तुरालाही ते नाकारता आलं नाही.

सुमनला बाप आठवत नव्हता. तिला ठाऊक होता तो दगडावरचा बाप. शाळेत तिला सगळे विमान पाडणाऱ्याची मुलगी म्हणून ओळखायचे. पोर हुशार होती, आवाज खणखणीत होता. ऐंशी साली ती अकरावीला असताना सव्वीस जानेवारीला दगडापुढं तिचं भाषण ठेवलं. कस्तुरा गर्दीच्या कडेला उभी होती. सुमननं अर्जुनरावनं सांगितलेलं सगळं सांगितलं, वर आपलंही घातलं. बाबांनी मरताना तिरंग्याकडे पाहिलं होतं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी सुमन म्हणाली की मीही फौजेत जाईन, नर्स होऊन, आणि त्याच विमानतळावर काम करीन.

कस्तुराच्या मनात आलं, ही त्या भाषणाच्या जोरावर तिकडे जाईल. तोफा आहेत, भोंगा वेळेवर वाजतो, असं धरून चालेल.

घरी आल्यावर तिनं सुमनला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

सुमनचं तोंड उतरत गेलं, मग लाल झालं. "तू खोटं बोलतेस," ती म्हणाली. "बाबांचा मान तुला बघवत नाही. कारखान्यात तुला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आई. मला शाळेत पोरींनी सांगितलंय."

"मग अर्जुनरावला इचार."

"विचारीन!"

दोघी चाकणला गेल्या. एस.टी.त सुमन वेगळ्या बाकावर बसली. अर्जुनरावचे केस पांढरे झाले होते. किसनची मुलगी म्हटल्यावर त्यानं तिला जवळ बसवलं आणि न अडखळता सगळं सांगितलं. ताट, झेप, नेम, आगीचा गोळा. कस्तुरा उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. सुमननं एकदा तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत जिंकल्याचा राग होता.

मग सुमन त्याच्याकडे वळली. तिला अजून ऐकायचं होतं, पुढच्या भाषणासाठी. तिनं सरळ मनानं विचारलं, "काका, बाबांनी विमान पाडलं, आपलं नुकसान काहीच झालं नाही म्हणतात, मग बाबा कशानं गेले, आणि तुमचा हात कशानं गेला?"

अर्जुनराव बोलायला लागला आणि थांबला. गावात हा प्रश्न त्याला हजारदा विचारला असेल, पण असा, या दोन गोष्टी एकापुढं एक ठेवून, कुणी विचारला नव्हता. त्यानं हात मांडीवर उलटा ठेवला.

"काका?"

"तुमी निघा आता," तो म्हणाला. "पाचची गाडी चुकंल." आणि उठून तो गोठ्याकडे चालू लागला. त्याची बायको दारात आली, तिनं कस्तुराकडे पाहिलं आणि पाण्याचे पेले उचलले.

परतीच्या गाडीत सुमन आईशेजारी बसली. मोशी गेलं, भोसरी आली. कारखान्यांच्या शिफ्टा सुटल्या होत्या, रस्ताभर सायकली होत्या. पोरगी खिडकीबाहेर बघत होती आणि रडत होती, पण आवाज न करता.

"त्यांच्यात दोष नव्हता गं," कस्तुरा म्हणाली. "पळून न्हाई गेले. तोफेकडंच गेले."

"मला आधीचे बाबा हवे होते," सुमन म्हणाली.

"मला बी त्योच नवरा हवा व्हता," कस्तुरा म्हणाली. "लई वाटायचं, असंल खरं. म्हातारी म्हणायची तसं आपण बी म्हणावं."

सुमननं तिच्या खरखरीत, सोड्यानं सालटं निघालेल्या हातावर आपला हात ठेवला. फाटा येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीच्या भाषणाचं ज्योतीराम स्वतः सांगायला आला, तर सुमननं बोलायला नकार दिला. का, तेही सांगितलं. तो चिडला, त्यानं समजावून बघितलं, शेवटी म्हणाला की आईनं पोरीचं डोकं फिरवलं. गावानंही तेच धरलं. सुमनच्या मैत्रिणी कमी झाल्या. ती बारावी होऊन टेलिफोन खात्यात लागली, फौजेचं नाव तिनं परत काढलं नाही.

त्या सव्वीस जानेवारीला भाषण ज्योतीरामच्या पुतणीनं केलं. कर्ण्याचा आवाज थेट घरात येत होता. तिच्या भाषणात किसननं विमानं दोन पाडली. कस्तुरा दार लावायला उठली, तशी सुमन म्हणाली,

"राहू दे उघडं, आई. काय काय म्हणतात ते ऐकू दे."